घर बदलल्यावर मांजर रुळतं आणि पुन्हा बिघडतं: नेमकं काय तपासायचं

नवीन घरात मांजर पहिले दोन दिवस पलंगाखाली काढणार, याची बहुतेकांची तयारी असते. त्रास पुढे सुरू होतो. चौथ्या दिवशी ते बाहेर येतं, हॉलभर हुंगत फिरतं, सोफ्यावर झोपतं आणि घरचे म्हणतात, रुळलं एकदाचं. आठव्या दिवशी पुन्हा पलंगाखाली. खाणं निम्म्यावर, शू गादीवर, पहाटे तीनला घसा ताणून ओरडणं. मग चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

यात हट्ट नाही, सूडही नाही. शोधलं तर दोन कारणं हमखास सापडतात. एक म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं करून दिलेलं असतं. दुसरं, सामान लागलं की घर बदलून झालं असं आपण समजतो, पण ते अजून बदलतच असतं: सोमवारी पडद्याचे रॉड, बुधवारी एसीवाला, शनिवारी ट्रॉलीचं माप घ्यायला सुतार, रविवारी वास्तुशांत. दरवेळी ड्रिलचा आवाज, सताड उघडं दार, अनोळखी पाय आणि नवा वास. जेमतेम बसवलेली घडी दर दोन दिवसांनी विस्कटते. उपायही या दोन कारणांवरच करायचा: मांजराला पुन्हा एका खोलीत आणायचं आणि घरातली उलथापालथ आटोक्यात ठेवायची. पण त्याआधी एक गोष्ट.

आधी दुखणं नाही ना, ते बघा

ताण आणि आजार मांजरात दिसायला सारखेच असतात, आणि ताणामुळे काही आजार खरोखरच उफाळतात.

बोका शू-शीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि शू येत नाही किंवा लालसर थेंब येतायत, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. ताणामुळे मूत्राशयाला सूज येणं मांजरांत नेहमीचं, आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती अडते. हे एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका आणि सकाळ होण्याची वाट पाहू नका.

मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. ४८ तास झाले तर घेऊनच जा. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत निकामी होऊ लागतं. 'भूक लागली की खाईल' हा नियम मांजराला लावू नये. पिल्लासाठी तर अर्धा दिवसही फार.

घर बदलून आठवडा होतोय तोच शिंका आणि डोळ्यांतून पाणी सुरू झालं, तर दोष नव्या घराच्या हवेचा असेलच असं नाही. बऱ्याच मांजरांच्या अंगात हर्पिसचा विषाणू लहानपणापासून दबा धरून असतो आणि ताणानंतर साधारण आठवड्याभरात वर येतो. लस झालेल्या मांजरातही हे होतं, मात्र सौम्य. नाक चोंदलं की वास येत नाही, वास आला नाही की मांजर खात नाही. म्हणून शिंकांकडे दुर्लक्ष नको.

दहा वर्षांपुढचं मांजर रात्री ओरडत असेल तर थायरॉइड, रक्तदाब आणि ऐकू येणं तपासून घ्या. नसबंदी न झालेली मांजरी ओरडत असेल किंवा बोका दारावर फवारे मारत असेल, तर घरबदल हे निमित्त. खरा उपाय नसबंदी, आणि ती मांजर नीट खायला लागल्यावर करायची.

शांत करण्यासाठी माणसांची कोणतीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. फारच घाबरणाऱ्या मांजरासाठी डॉक्टर गॅबापेंटिन लिहून देतात. ते प्रवासाच्या दोन-तीन तास आधी द्यायचं असतं आणि आधी एकदा घरीच देऊन बघायचं असतं.

पुन्हा एका खोलीत

मांजर घर ओळखतं ते मुख्यतः वासावरून. गाल, हनुवटी आणि पंजे यांतल्या ग्रंथींचा वास ते कोपऱ्यांना, दाराच्या चौकटीला घासून ठेवतं. जुन्या घरात भिंतींच्या कडांवर जमिनीपासून वीतभर उंचीवर तेलकट तपकिरी डाग पडलेले असतात ना, ती त्याची पाटी. नव्या घरात त्या जागी रंग, फिनेल आणि आधीच्या भाडेकरूंचा वास. एवढं सगळं एकदम 'आपलं' करणं त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. एक बेडरूम मात्र ते दोन-तीन दिवसांत आपली करतं.

खोली मुख्य दारापासून लांबची, दार नीट बंद होणारी निवडा. दहा बाय दहा पुरे. आत काय ठेवायचं:

- न धुतलेली जुनी चादर किंवा त्याची गादी. घर बदलताना 'सगळं धुऊन न्यावं' हा आपला शिरस्ता मांजराच्या बाबतीत मोडायचा.
- नखं घासायचं जुनं गोणपाट किंवा खांब, कितीही फाटका दिसत असला तरी.
- दार काढून ठेवलेला कॅरियर आणि दोन बाजूंनी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका.
- एका कोपऱ्यात ट्रे, समोरच्या कोपऱ्यात खाणं. मध्ये किमान पाच-सहा फूट. पाणी खाण्यापासूनही थोडं दूर.

लपायची जागा काढून घ्यायची नाही, बदलायची. पलंगाखालची फट बॅगा लावून बुजवा आणि खोका तिथेच शेजारी ठेवा. म्हणजे मांजर लपतं, पण तुमच्या नजरेच्या टप्प्यात. हात घालून ओढून काढलं की आधीचे दोन दिवस वाया जातात. बॉक्स बेड असेल तर झाकण खाली करण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत बघा. सोफ्याच्या खालचं कापड फाटलं असेल तर स्टेपल करून घ्या, नाहीतर मांजर स्प्रिंगांमध्ये जाऊन बसतं.

वास पसरवायचं काम तुम्हीही करू शकता. स्वच्छ सुती मोजा हातात घालून मांजराचे गाल आणि हनुवटी हळूच चोळा, आणि तोच मोजा खोलीच्या कोपऱ्यांना, दाराच्या चौकटीला, पलंगाच्या पायांना जमिनीपासून २०-२५ सेंटीमीटर उंचीवर फिरवा. दिवसातून एकदा. पुढची खोली उघडायच्या आदल्या दिवशी तिथेही.

फरशी पहिले पंधरा दिवस नुसत्या पाण्याने पुसा. फिनेल तर कायमचंच बंद करा. फिनॉलसारखी रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तेच. कामवाल्या मावशी नव्या असतील तर त्यांना हे पहिल्या दिवशीच सांगा आणि बाटली घरातच ठेवू नका.

फेलिवेसारखा डिफ्यूझर (मांजराच्या गालाच्या वासाची नक्कल हवेत सोडणारं, सॉकेटमध्ये लावायचं यंत्र) लावायचा असेल तर तो या खोलीत लावा, शक्यतो मांजर येण्याच्या आदल्या दिवशी. एक रिफिल महिनाभर चालतं आणि साधारण ५० ते ७० चौरस मीटरला पुरतं. सोफ्यामागच्या किंवा टेबलाखालच्या सॉकेटमध्ये तो वाया जातो, आणि आपल्याकडे रात्री बटणं बंद करायची सवय असते, म्हणून त्या बटणावर चिकटपट्टी लावा. सगळ्याच मांजरांना त्याचा गुण येत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते आधी खिडकीच्या जाळीवर घाला.

पुढची खोली कधी

दिवस मोजून ठरवू नका. मांजर नेहमीएवढं खातं, ट्रे वापरतं, स्वतःला चाटून साफ ठेवतं आणि तुम्ही आलात की शेपूट वर करून दाराशी येतं, असे सलग दोन दिवस गेले की एक खोली उघडा. आधी दुपारी, सामसूम असताना, तासभर. त्याच्या खोलीचं दार तेव्हा उघडंच हवं, पळून जायला जागा म्हणून. दोन-तीन दिवस हे बरं चाललं की पुढची खोली. स्वयंपाकघर शेवटी: कुकरची शिट्टी, मिक्सर आणि ट्रॉल्यांमागची फट, तिन्ही तिथेच. ट्रॉल्यांच्या खालची पट्टी सैल असेल तर आधी स्क्रूने बसवा. आत शिरलेलं मांजर बाहेर काढायला ट्रॉल्या उतरवाव्या लागतात.

पुन्हा लपायला लागलं तर एक पायरी मागे या, दोन-तीन दिवस तिथेच थांबा. लोक नेमके इथेच चुकतात. मांजर लपलं की त्याला मोकळीक हवी असं वाटून आणखी दारं उघडतात.

फ्रिजवर एक कागद लावा. तारीख, किती ग्रॅम खाल्लं, ट्रेमध्ये शूचे किती गोळे, शी झाली का, घरी कोण आलं, कसला आवाज झाला. चार किलोच्या घरबसल्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, म्हणजे बहुतेक कोरड्या खाण्यांचे ५० ते ६० ग्रॅम. शूचे गोळे दिवसाला दोन ते चार. दहा दिवसांचा कागद समोर धरला की बिघाड कोणत्या दिवशी होतो आणि त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं, हे बहुधा लगेच दिसतं.

खात नाही, पाणी पीत नाही

ब्रँड बदलू नका. जुनंच खाणं, जुन्याच वाटीत. ओलं पाऊच वाटी कोमट पाण्यात धरून अंगाच्या उबेइतकं गरम करा, वास सुटतो. बिनमिठाचं, बिनाकांदा-लसणाचं उकडलेलं चिकन दोन चमचे वर घाला. कोकणातल्या मांजराला सुका बोंबील दिसला की ते पलंगाखालून येतं खरं, पण त्यात मीठ फार. चिमूटभर चुरा वासापुरता, जेवण म्हणून नाही. दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, आणि नव्या घरात जुलाब ही आणखी एक कटकट.

पाण्याचं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या घरी महापालिकेचं, नव्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं, म्हणजे चव वेगळी. निघताना पाच लिटरचा कॅन भरून घ्या आणि आठवडाभर नव्या पाण्यात मिसळत, त्याचं प्रमाण कमी करत न्या.

ट्रेबाहेर शू

पहिला प्रश्न: ट्रे कुठे आहे? नव्या फ्लॅटमध्ये तो बहुतेक वेळा ड्राय बाल्कनीत जातो, आणि तिथेच वॉशिंग मशीन असतं. मांजर ट्रेमध्ये असताना मशीन एकदा स्पिनवर गेलं की पुढचे कित्येक दिवस ते तिकडे फिरकत नाही. पावसाळ्यात तिथे झड येते आणि ट्रेमधलं लिटर, म्हणजे बेंटोनाइट मातीचे दाणे, चिखल होऊन बसतं. बाथरूममध्ये फरशी ओली, वर कोणीतरी आत असलं की दार बंद. म्हणून महिनाभर ट्रे त्याच्या खोलीतच ठेवा. मग हलवायचा तर दिवसाला फूटभर सरकवत न्या, किंवा नव्या जागी दुसरा ट्रे ठेवून तो वापरात आल्यावर जुना काढा.

ट्रे जुना असावा आणि न घासता आणलेला. लिटर तेच, पाच ते सात सेंटीमीटर थर, त्यात जुन्या लिटरचे दोन-तीन मूठ. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. झाकणाचा नवा ट्रे घ्यायचा हा महिना नव्हे.

एकाच जागी पुन्हा पुन्हा होत असेल तर तिथे जुना वास आहे, कदाचित आधीच्या भाडेकरूंच्या मांजराचाही. रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्च फिरवा, डाग चमकतात. टिपून घ्या, साध्या पाण्याने पुसा, मग एन्झाइमचा क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ राहू द्या. टाइल्सच्या सांध्यांत शू मुरते, तिथे दोनदा. अमोनियाचा क्लीनर वापरू नका. मांजराच्या नाकाला तो शूसारखाच लागतो. व्हिनेगर सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलवर चालतं, पण मार्बल, कडप्पा आणि शहाबादी फरशीला आम्ल खातं.

उभ्या भिंतीवर, दारावर, शेपूट थरथरवत थोडीशी शू असेल तर तो फवारा आहे. तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असाल तर सोसायटीतलं दुसरं मांजर खिडकीत दिसतंय का, ते बघा. काचेच्या खालच्या दोन फुटांवर दुधी फिल्म लावा.

रात्रीचं ओरडणं

झोपण्याआधी पंधरा-वीस मिनिटं दोरीला बांधलेल्या पिसाशी धावपळ, लगेच दिवसाचं सगळ्यात मोठं जेवण. दिवसाची झोप मोडू नका, पण संध्याकाळी सहानंतर जागं ठेवायचा प्रयत्न करा. ओरडल्यावर उठून खाऊ घातलं की तिसऱ्या रात्रीपासून ते गजर लावल्यासारखं ओरडेल. मात्र पहिल्या आठवड्यात त्याच खोलीत झोपलात तर ओरडणं बहुधा सुरूच होत नाही, हा सोपा मार्ग आधी करून बघावा.

कामगार, पेस्ट कंट्रोल, वास्तुशांत

ड्रिलची सगळी कामं एका दिवसात बसवा, आणि शक्य असेल तर मांजर येण्याआधी. नसेल तर त्या दिवशी मांजर, ट्रे, पाणी सगळं खोलीत. दाराला कडी आणि ठळक अक्षरांत पाटी: 'आत मांजर आहे, उघडू नका.' कडी नसेल तर बाहेरून कुलूप. तोंडी सांगून भागत नाही, कारण पंख्यावाल्याला त्याच खोलीत जायचं असतं.

पेस्ट कंट्रोल मांजर येण्याच्या तीन-चार दिवस आधी, आणि फवारणीपेक्षा फटींत भरायची जेल घ्या. फवारणीत वापरलं जाणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला विषारी आहे. लाळ गळणं, अंग थरथरणं, पाय ताठरणं दिसलं की थेट दवाखाना. आधीच्यांनी ओट्यामागे, माळ्यावर उंदराच्या वड्या टाकल्या असतील तर हातमोजे घालून काढा.

वास्तुशांतीला मांजर घरात नसलेलंच बरं. होमाचा धूर, पन्नास माणसं, दिवसभर उघडं दार. मांजराच्या ओळखीच्या घरी ठेवायची सोय नसेल तर बंद खोलीत ठेवा आणि किल्ली एकाच माणसाकडे द्या. पाहुण्यांच्या गुच्छात लिली असेल तर लगेच घराबाहेर काढा. खऱ्या लिलीची पाकळी, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीही मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं, आणि उपचाराला हातात काही तासच असतात.

खिडक्या, डक्ट आणि पळालेलं मांजर

डोकं गेलं की मांजर गेलं, हे माप लक्षात ठेवून प्रत्येक फट तपासा. आधीच्या मालकाची कबुतरजाळी उन्हाने ठिसूळ झालेली असते. दोन्ही हातांनी ओढून बघा. नायलॉनची जाळी काही मांजरं कुरतडतात, तिथे स्टीलची बारीक जाळी हवी. इनव्हिजिबल ग्रिलच्या तारांमधून पिल्लू सहज जातं. सरकत्या खिडकीची मच्छरजाळी मांजर पंज्याने सरकवतं. तिला लॉक किंवा स्टॉपर बसवा. सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं ते बाथरूमचं: लूव्हर्सची एक काच नसते किंवा एक्झॉस्ट फॅनचं भोक रिकामं असतं, आणि पलीकडे थेट डक्ट.

निसटलंच तर पहिले काही तास इमारतीतच शोधा. सगळे मजले सारखे दिसतात, त्यामुळे ते वरच्या किंवा खालच्या मजल्यावर चुकीच्या दाराशी बसलेलं असतं. मग जिन्याखाली, मीटर रूम, पंप रूम, गच्ची, उभ्या गाड्यांखाली. घाबरलेलं मांजर हाकेला ओ देत नाही, म्हणून रात्री दोन-तीनला टॉर्च घेऊन फिरा; डोळे चमकतात. त्याची चादर दाराशी ठेवा आणि सोसायटीतल्या मांजरांना खाऊ घालणाऱ्यांना फोटो द्या. नवं मांजर पहिलं त्यांनाच दिसतं.

बाहेर फिरायची सवय असलेलं मांजर जुन्या घरी परत जातं, विशेषतः अंतर दोन-तीन किलोमीटर असेल तर. पोत्यात घालून फेऱ्या मारत नेलं की वाट विसरतं, ही समजूत सोडा. पोत्यात ते गुदमरतं, वाट विसरत नाही. किमान तीन-चार आठवडे, जुनं घर जवळ असेल तर सहा आठवडे आत ठेवा. जुन्या शेजाऱ्यांना सांगा: आलं तर घरात घेऊन दार लावा आणि फोन करा, पण रोज खायला घालू नका. पहिल्यांदा सोडाल ते जेवणाच्या वेळेआधी, रिकाम्या पोटी, दहा मिनिटं. गळ्यात ओढ बसली की सुटणारा पट्टा, त्यावर नवा फोन नंबर. मायक्रोचिप असेल तर तिथल्या नोंदीतला पत्ताही बदला.

दोन मांजरं असतील आणि इतकी वर्षं एकत्र असूनही नव्या घरात एकमेकांवर फिस्कारत असतील, तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवून आठवडाभर चादरींची अदलाबदल करा. मग दाराच्या दोन बाजूंना एकाच वेळी जेवण द्या, आणि दोघं निवांत खायला लागली की दार चार बोटं उघडून तेच.